बुडबुड्यांचे गणित आणि संगणक

पाणी आणि वाफ, पाणी आणि हवा, खनिज तेल आणि नैसर्गिक वायू अशा दोन भिन्न अवस्थांतील पदार्थ एकाच नळीतून किंवा एकाच पात्रातून एकत्र वाहताना आढळतात. औष्णिक वीज केंद्रातील बाष्पित्रे, अणुभट्ट्या, साखर कारखान्यातील उसाचा रस आटविण्याची पात्रे आणि सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातील हवा सोडण्याच्या टाक्या ही त्याची ठळक उदाहरणे होत. अशा प्रवाहास शास्त्रीय परिभाषेत 'द्विप्रावस्था प्रवाह' असे म्हणतात. द्रवातून वर चढणारा बुडबुडा हे त्याचे सर्वांत साधे रूप होय.

बुडबुडा ही वस्तू क्षणभंगुरतेचे प्रतीक म्हणून आपल्या परिचयाची आहे. परंतु जहाजांचे पंखे, जलविद्युत केंद्रांतील टर्बाइने आणि अणुभट्टीचा गाभा यांचे भवितव्य अनेकदा याच बुडबुड्यांवर अवलंबून असते. ते कोठे निर्माण होतील, किती वाढतील, कोणत्या वेगाने वाहतील आणि कोठे फुटतील हे आगाऊ सांगता यावे, यासाठी गेल्या सहा दशकांत संगणकाचा उपयोग मोठ्या प्रमाणावर होऊ लागला आहे. प्रत्यक्ष घटनेची गणिती नक्कल संगणकावर घडवून आणण्याच्या या पद्धतीस 'सदृशीकरण' ही संज्ञा आहे. या पद्धतीची गरज का भासली, ती कशी चालते आणि तिच्यावर किती विसंबावे, याचा येथे परिचय करून दिला आहे.

बुडबुड्याचे सामर्थ्य

द्रवाच्या पृष्ठभागावर ताण दिलेल्या पातळ पडद्यासारखा एक ताण असतो. या पृष्ठताणामुळे बुडबुड्यातील वायूचा दाब बाहेरील पाण्याच्या दाबापेक्षा नेहमी थोडा अधिक असतो आणि बुडबुडा जितका लहान तितका हा फरक मोठा असतो. पाण्यातील १ मिलिमीटर व्यासाच्या हवेच्या बुडबुड्यात हा जादा दाब वातावरणाच्या दाबाच्या हजारात सुमारे ३ भाग इतका अल्प असतो. तोच व्यास मिलिमीटरचा हजारावा भाग इतका झाला, तर जादा दाब वातावरणाच्या दाबाच्या जवळजवळ तिप्पट होतो.

बुडबुड्याची चालही सरळ नाही. स्वच्छ पाण्यात दोन मिलिमीटरपेक्षा लहान बुडबुडा सामान्यतः सरळ रेषेत वर चढतो. त्याहून मोठा झाला की तो चपटा होतो आणि नागमोडी किंवा मळसूत्री वाटेने वर जातो. काही मिलिमीटर व्यासाच्या बुडबुड्याचा वेग सेकंदाला २० ते ३० सेंटिमीटरच्या आसपास असतो. पाण्यात साबण किंवा तेलकट अंश अत्यल्प प्रमाणात जरी मिसळला, तरी लहान बुडबुड्यांचा वेग लक्षणीयरीत्या घटतो. एवढ्याशा अशुद्धतेने उत्तर बदलावे, ही गणित करणाऱ्यापुढील पहिली अडचण होय.

बुडबुड्याच्या विध्वंसक शक्तीची जाणीव प्रथम जहाजबांधणीच्या क्षेत्रात झाली. ब्रिटिश अभियंता चार्ल्स पार्सन्स याने १८९४ मध्ये 'टर्बिनिया' ही वाफेच्या टर्बाइनवर चालणारी नौका बांधली. यंत्र समर्थ असूनही नौकेस अपेक्षित वेग येईना. पंखा फार वेगाने फिरत असल्याने त्याच्या पात्यांमागे दाब कमी होऊन पाण्यात पोकळ्या निर्माण होत होत्या आणि पंख्याची शक्ती वाया जात होती. या क्रियेस 'कॅव्हिटेशन' असे म्हणतात. पार्सन्सने १८९५ मध्ये पंख्यांच्या परीक्षणासाठी एक लहान जलनलिका तयार केली आणि तीन दांड्यांवर नऊ पंखे बसवून १८९७ मध्ये ३४ नॉटपेक्षा अधिक वेग साध्य केला.

शक्ती वाया जाण्यापुरताच हा प्रश्न मर्यादित नव्हता. पंख्यांच्या धातूस खड्डे पडत असत. लॉर्ड रॅले याने १९१७ मध्ये या क्रियेचे गणित मांडले. त्यानुसार १ मिलिमीटर त्रिज्येची रिकामी पोकळी वातावरणाच्या दाबाखाली सेकंदाच्या सुमारे ११ हजाराव्या भागात पूर्णपणे मिटते. मिटण्याच्या अखेरच्या क्षणी चोहोबाजूंनी आत धावणारे पाणी अतिशय उच्च दाब निर्माण करते. पोलादालाही खड्डे पाडणाऱ्या आघाताचे मूळ यात आहे.

गावाच्या परिचयातील दोन उदाहरणे

हा विषय केवळ मोठ्या कारखान्यांचा आहे, असे समजण्याचे कारण नाही. विहिरीवरील पंपातून खडे फिरत असल्यासारखा आवाज येऊ लागला आणि पाण्याची धार घटली, की अनेकदा त्यामागे हेच कारण असते. वातावरणाचा दाब पाण्याचा सुमारे १०.३ मीटर उंचीचा स्तंभ तोलून धरू शकतो. म्हणून काठावरील पंपाने पाणी याहून अधिक उंचीवर ओढून घेता येत नाही. व्यवहारात ही मर्यादा सुमारे ६ ते ७ मीटर धरली जाते. पाण्याची पातळी खाली गेली आणि पंप मात्र मूळ जागीच राहिला, तर ओढनळीतील दाब फार उतरतो, पाण्यात वाफेच्या पोकळ्या होतात आणि त्या पंपाच्या पंख्यावर फुटून त्यास खड्डे पाडतात. ओढनळी शक्य तितकी आखूड ठेवणे व पंप पाण्याच्या पातळीजवळ आणणे हा त्यावरील साधा उपाय होय.

दुसरे उदाहरण नळपाणी पुरवठा योजनांचे आहे. डोंगराळ भागात जलवाहिनी चढ-उतारावरून जाते. पाण्याबरोबर आलेली हवा वाहिनीच्या उंचवट्यावर साचून राहते आणि पाण्याची वाट अरुंद करते. टाकीत पाणी असूनही टोकाच्या वस्तीत ते पोहोचत नाही, या तक्रारीच्या मुळाशी कधीकधी अशी अडकलेली हवा असते. यासाठी उंचवट्याच्या जागी हवा सोडणारे एअर व्हॉल्व्ह बसवितात. ते नादुरुस्त झाले किंवा गळती थांबविण्यासाठी कोणी बंद करून टाकले, तर योजना कागदावर योग्य असूनही प्रत्यक्षात अपुरी पडते. योजनेची देखभाल करणाऱ्या पंचायतीने या लहानशा उपकरणाकडे दुर्लक्ष करू नये.

पातळी वर, पाणी कमी

बुडबुड्यांच्या वर्तनाचा अंदाज चुकल्यास केवढा अनर्थ ओढवू शकतो, याचा धडा २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यात मिळाला. तेथील थ्री माइल आयलंड केंद्राच्या दुसऱ्या अणुभट्टीत पहाटे चारच्या सुमारास बिघाड झाला. या प्रकारच्या अणुभट्टीत पाणी वातावरणाच्या सुमारे १५० पट दाबाखाली ठेवलेले असते. त्यामुळे ते ३०० अंश सेल्सियसवरही उकळत नाही. दाब राखण्यासाठी एक स्वतंत्र उंच टाकी असते आणि तिच्या माथ्यावर जादा दाब सोडून देणारी झडप असते. त्या दिवशी ही झडप उघडली, परंतु पुन्हा मिटली नाही. नियंत्रण कक्षातील दिवा मात्र ती मिटल्याची समजूत करून देत होता.

झडपेतून पाणी बाहेर जाऊ लागले व दाब उतरत गेला. दाब उतरताच यंत्रणेतील पाणी जागोजाग उकळून वाफेचे बुडबुडे निर्माण झाले. वाफेने जागा व्यापल्यामुळे पाणी दाबनियंत्रक टाकीत वर ढकलले गेले आणि तेथील पातळी चढू लागली. अणुभट्टीच्या पात्रातील पाण्याची पातळी थेट दर्शविणारे साधन तेथे नव्हते. कर्मचाऱ्यांनी टाकीतील चढत्या पातळीवरून यंत्रणेत पाणी फार झाले असा निष्कर्ष काढला आणि आपोआप सुरू झालेला आणीबाणीचा पाणीपुरवठा कमी केला. पाणी व वाफ यांच्या मिश्रणामुळे पंप हादरू लागले, म्हणून सुमारे १०० मिनिटांनंतर उरलेले मुख्य पंपही बंद करण्यात आले. झडपेपुढील दुसरी झडप मिटवून गळती थांबविण्यास दोन तासांहून अधिक काळ लागला. तोपर्यंत गाभा उघडा पडला होता. त्याचा जवळजवळ अर्धा भाग वितळल्याचे पुढे निष्पन्न झाले.

बाहेर पडलेला किरणोत्सर्ग अल्प होता व तत्काळ प्राणहानी झाली नाही. परंतु ती अणुभट्टी पुन्हा कधीही चालू झाली नाही. त्यानंतरच्या काही दिवसांत पात्राच्या माथ्याशी साचलेल्या हायड्रोजनच्या मोठ्या बुडबुड्याचा स्फोट होईल, अशी भीती पसरली. तेथे ऑक्सिजन उपलब्ध नसल्याने ती निराधार ठरली. परंतु तोवर परिसरातील सहस्रावधी कुटुंबे घरे सोडून गेली होती.

अमेरिकेच्या अध्यक्षांनी नेमलेल्या केमेनी आयोगाने १९७९ च्या ऑक्टोबरमध्ये अहवाल सादर केला. त्यातील एक बाब येथे विशेष महत्त्वाची आहे. कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या संगणकी यंत्रणेत, दाब उतरत असताना टाकीतील पातळी चढते, ही स्थिती दाखविण्याची तरतूदच केलेली नव्हती. जे संगणकाला शिकविले गेले नव्हते, ते कर्मचाऱ्यांनाही शिकता आले नाही. त्याहून खेदाची गोष्ट अशी की, २४ सप्टेंबर १९७७ रोजी ओहायो राज्यातील डेव्हिस-बेसी केंद्रात अशीच झडप उघडी राहून अशाच प्रकारचा प्रसंग घडला होता. तेथील अणुभट्टी अल्प शक्तीवर चालत होती व चूक लवकर उमगली, म्हणून हानी टळली. परंतु त्या अनुभवाची सूचना इतर केंद्रांतील कर्मचाऱ्यांपर्यंत परिणामकारकपणे पोहोचली नाही.

बुडबुड्यांचा दुसरा परिणाम

आपल्या राज्यातील तारापूर येथे १९६९ मध्ये देशातील पहिले अणुवीज केंद्र कार्यान्वित झाले. त्याच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या उकळत्या पाण्याच्या प्रकारच्या आहेत. या प्रकारात वाफेचे बुडबुडे गाभ्यातच हेतुपूर्वक निर्माण केले जातात. वातावरणाच्या दाबाखाली पाण्याची वाफ झाली, तर तिचे आकारमान सुमारे १,६०० पट होते. अशा अणुभट्टीतील सुमारे ७० पट दाबाखाली मात्र ही वाढ केवळ २० पटीच्या आसपास राहते.

या अणुभट्ट्यांत पाणी उष्णता वाहून नेते आणि न्यूट्रॉनांचा वेग कमी करून विखंडनाची साखळीही चालू ठेवते. त्यामुळे बुडबुडे वाढले की पाणी कमी होते, साखळी मंदावते व शक्ती घटते. निसर्गाने बसविलेला हा एक लगामच होय. याउलट, २६ एप्रिल १९८६ रोजी दुर्घटनाग्रस्त झालेल्या चेर्नोबिल येथील अणुभट्टीत न्यूट्रॉनांचा वेग कमी करण्याचे काम मुख्यतः ग्रॅफाइट करीत असे आणि पाणी काही न्यूट्रॉन शोषून घेत असे. तेथे बुडबुडे वाढले की शोषण घटून शक्ती वाढे. शक्ती वाढली की बुडबुडे आणखी वाढत. दुर्घटनेच्या कारणांपैकी हे एक प्रमुख कारण होते. गाभ्यात बुडबुड्यांचे प्रमाण किती व कोठे, हा प्रश्न म्हणूनच सुरक्षिततेचा प्रश्न ठरतो.

संगणक हे काम कसे करतो

द्रवाच्या गतीची समीकरणे एकोणिसाव्या शतकातच सिद्ध झाली होती. नाव्हिए व स्टोक्स यांच्या नावाने ती ओळखली जातात. परंतु काही सोपी उदाहरणे सोडल्यास ती कागदावर सुटत नाहीत. संगणकावर ती सोडविण्यासाठी पात्रातील जागेचे चौकटींच्या जाळ्याप्रमाणे लहान लहान घरांत विभाजन करतात. प्रत्येक घरातील वेग व दाब यांची नोंद ठेवतात आणि काळाचे अत्यंत लहान टप्पे घेत प्रत्येक टप्प्याला नव्या किमती काढतात.

बुडबुड्यांच्या बाबतीत खरी कसोटी पाणी व वायू यांच्यामधील सीमेची असते. ही सीमा सतत हलते, वाकते, तुटते आणि जुळते. तिच्या एका बाजूस असलेले पाणी दुसऱ्या बाजूच्या हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन असते. या सीमेचा माग ठेवण्याच्या अनेक पद्धती विकसित झाल्या आहेत. अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेत हार्लो व वेल्च यांनी १९६५ मध्ये द्रवाबरोबर वाहणाऱ्या काल्पनिक खूणकणांची पद्धती मांडली. ज्या घरात खूणकण, तेथे द्रव, असा हा हिशेब होता. त्याच प्रयोगशाळेतील हर्ट व निकल्स यांनी १९८१ मध्ये अधिक काटकसरीची रीत प्रसिद्ध केली. तीत प्रत्येक घरासाठी केवळ एक संख्या ठेवतात. घर पाण्याने भरलेले असेल तर १, पूर्ण रिकामे असेल तर ० आणि सीमा घरातून जात असेल तर त्यामधील अपूर्णांक. धान्याच्या कोठारात प्रत्येक कणगी किती भरली आहे याची नोंद ठेवावी, तसाच हा प्रकार आहे. ओशर व सेथियन यांनी १९८८ मध्ये, तर उन्वर्दी व त्रिग्वासन यांनी १९९२ मध्ये सीमेचा माग ठेवण्याच्या आणखी वेगळ्या पद्धती दिल्या.

प्रत्येक पद्धतीचे गुणदोष आहेत. काहींत पाण्याचे एकूण प्रमाण तंतोतंत टिकते, पण सीमेचा आकार खडबडीत होतो. काहींत सीमा गुळगुळीत राहते, परंतु हिशेबात बुडबुडा हळूहळू झिजत जातो. स्थिर पाण्यातील स्थिर बुडबुड्याभोवती प्रत्यक्षात नसलेले लहान प्रवाह संगणकावर निर्माण होतात, हा तर परिचित दोष आहे. पृष्ठताणाचे गणित किंचित चुकल्यामुळे तो उद्भवतो.

आकड्यांचा डोंगर

सर्व बुडबुड्यांचे गणित अशा रीतीने का करीत नाहीत, असा प्रश्न साहजिकच मनात येईल. त्याचे उत्तर साध्या गुणाकारात आहे. १ मीटर लांबी, रुंदी व उंचीच्या टाकीत १ मिलिमीटर व्यासाचे बुडबुडे आहेत असे मानू. एका बुडबुड्याचा आकार ठीक समजण्यासाठी त्याच्या व्यासात २० घरे घेतली, तर टाकीच्या प्रत्येक बाजूस २० हजार घरे होतात. एकूण घरांची संख्या ८ लाख कोटी होते. घराची लांबी निम्मी केली तर घरे ८ पट वाढतात आणि काळाचा टप्पाही निदान निम्मा करावा लागत असल्याने एकूण काम किमान १६ पट होते.

यास्तव कारखाने व वीज केंद्रे यांच्यासाठी दुसरा मार्ग अनुसरतात. एकेक बुडबुडा न मोजता प्रत्येक घरात वायूचा सरासरी हिस्सा किती, एवढेच पाहतात. अणुभट्टीच्या सुरक्षिततेसाठी वापरले जाणारे मोठे संगणकी कार्यक्रम मुख्यतः याच मार्गाने जातात. परंतु सरासरी काढताना बुडबुड्यांचा आकार, त्यांची गर्दी व परस्परांवरील परिणाम ही माहिती हरवते. ती प्रयोगांतून मिळालेल्या सूत्रांनी भरून काढावी लागते. सूत्र ज्या प्रयोगातून आले, त्याहून वेगळ्या परिस्थितीत ते लागू पडेलच असे नाही.

म्हणून संगणकाच्या उत्तरांची प्रत्यक्ष प्रयोगाशी तुलना अपरिहार्य ठरते. अमेरिकेत आयडाहो येथे या हेतूने एक लहान अणुभट्टीच उभारण्यात आली होती. मोठी जलवाहिनी फुटल्याचा प्रसंग तेथे डिसेंबर १९७८ मध्ये प्रत्यक्ष घडवून आणला गेला. तापलेल्या इंधनकांड्या संगणकाच्या अंदाजापेक्षा लवकर पुन्हा ओल्या होऊन थंड झाल्या. या वेळी चूक सुरक्षिततेच्या बाजूची होती. त्यानंतर चारच महिन्यांनी घडलेल्या थ्री माइल आयलंडच्या घटनेने मात्र दाखवून दिले की, तज्ज्ञांचे लक्ष मुख्यत्वे मोठ्या वाहिनीच्या फुटण्याकडे लागले असताना धोका लहान गळतीतून आला. त्यानंतर लहान गळतीच्या प्रसंगांचे संगणकी विश्लेषण आणि कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण यांस सर्वत्र नव्याने महत्त्व प्राप्त झाले.

आपल्याकडील संदर्भ

महाराष्ट्रात या शास्त्राची गरज अनेक क्षेत्रांत आहे. मुंबईच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात १९७४ मध्ये सापडलेल्या मुंबई हाय क्षेत्रातून १९७६ मध्ये तेलाचे उत्पादन सुरू झाले. विहिरीतून तेल, वायू व पाणी एकत्रच वर येतात. नळीत वायूचे मोठे गोळे व द्रवाचे लोंढे आळीपाळीने येऊ लागले, की वाहिन्यांना व यंत्रांना धक्के बसतात. त्यांचा आगाऊ अंदाज घेणे हे द्विप्रावस्था प्रवाहाच्या गणिताचे काम आहे. अशी गणिते करण्यास लागणारे शक्तिशाली संगणक बनविण्याच्या कार्यातही राज्याचा वाटा आहे. पुणे येथे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला.

शाळांतूनही या विषयाची गोडी लावता येईल. काचेच्या उंच बरणीत स्वच्छ पाणी घेऊन तळाशी बारीक नळीने हवा सोडावी. बुडबुडे सरळ चढतात की नागमोडी, ठराविक उंची चढण्यास त्यांना किती वेळ लागतो, याची विद्यार्थ्यांनी नोंद करावी. नंतर पाण्यात साबणाचे काही थेंब टाकून तीच नोंद पुन्हा घ्यावी. आधी अंदाज लिहून ठेवावा आणि मग निरीक्षण करावे, एवढी शिस्त पाळली तर विज्ञानाच्या पद्धतीचा पहिला पाठ विद्यार्थ्यांना आपोआप मिळेल.

संगणक जितका शक्तिशाली होईल, तितके बुडबुड्यांचे चित्र अधिक स्पष्ट होत जाईल, यात संशय नाही. मात्र पडद्यावरील आकडा कोणत्या गृहीतावर उभा आहे, तो प्रत्यक्षाशी ताडून पाहिला आहे काय आणि एका ठिकाणी आलेला अनुभव दुसऱ्या ठिकाणी वेळेवर कळविला आहे काय, हे प्रश्न विचारण्याची जबाबदारी माणसांवरच राहते. पंपाचा आवाज ऐकून त्याची दखल घेणारा शेतकरी, एअर व्हॉल्व्ह तपासणारा पंचायतीचा सेवक आणि अणुवीज केंद्रातील नियंत्रक या सर्वांना ही गोष्ट सारखीच लागू आहे.